काळ्या दगडावर

नोना, ती पाटी जरा बाजूला ठेव, आधी भात खा.
पाण्याखाली पेन्सिलीने लिहितेस
याचं मला अजून नवल वाटतं.

तू आज जिथं मोजून आलीस
तिथं आमच्या होड्या ओढायची वाळू होती,
वर जायफळाची बाग, त्याच्या वर घर.
माझा आजा बुतोनहून आला तो एका फुटक्या होडीतून.
डोंगराच्या कुशीला टेकला आणि मग उठलाच नाही.
उठवलं ते आम्हांला, मे महिन्यात, डोंगरानेच.

होडीत वा इमाच्या मांडीवर भाताचं पातेलं होतं, गरम.
नैराच्या धक्क्याला लागलो तेव्हा ती एवढंच म्हणाली,
खुराडं उघडायचं राहिलं.

समुद्र उकळला. मासे शिजून वर आले,
तीन दिवस कोणी हात लावला नाही.
मग धग निवली, आणि किनाऱ्यापासून आत तळापर्यंत
नुसता काळा दगड.
नवा. कोणाचाच नसलेला.

मी बुडी मारायचो, काही नसायचं.
पुढच्या वर्षी दगडावर एक लेप दिसला,
वाळत घातलेल्या जायपत्रीसारखा, फिकट लाल.
मला वाटलं, गंज चढला.
तू म्हणालीस, नाही, ते आमंत्रण.

पलीकडच्या जुन्या पोवळ्यांनी
पौर्णिमेनंतरच्या कुठल्याशा रात्री बी सोडलं असेल,
पाण्यावर साय धरली असेल.
राईहून बारीक ती पोरं वाहत आली,
दगड चाचपला, तुझ्या शब्दांत, चाखून पाहिला,
आणि बसली.
एकदा बसलं की उठणं नाही.
पाच पावसाळ्यांत ताटाएवढी झाली,
मग परातीएवढी,
मग एकीवर एक सावली धरून
अशी पसरली की काळा दगड शोधावा लागे.
वा इमाला सांगितलं. म्हणाली,
आपली वाळू भाड्याने गेली तर.

आता तू विचारत नाहीस ते सांगतो.
काळ्या दगडावरची रेघ समज.

खाडीच्या पलीकडच्या उतारावर
तू एकदाच उतरलीस, पाटीवर शून्य लिहून वर आलीस,
आणि मला विचारलंस, इथं काय झालं?
मी इंजिनाची दोरी ओढली. आवाज झाला. बरं झालं.

ते शून्य माझं आहे.
वीस वर्षांचा होतो.
बाटलीत खत, बुचात वात, दातांत काडी.
धप्प असा एकच आवाज, तोही पायांनाच कळायचा,
मग पांढरी पोटं, टोपल्याच्या टोपल्या.
बहिणीचं लग्न त्यावर झालं.

तिथं बी येत नाही असं नाही.
येतं. बसतंही.
पण खाली सगळी मोडकी काटकं, हाडांसारखी,
भरतीला इकडे, ओहोटीला तिकडे.
ज्याचं बूड स्थिर नाही त्याच्यावर
कोण किती दिवस राहणार?
रात्री तुकडा उलटतो, पोर खाली जातं.
चाळीस वर्षं हेच.

डोंगराला राग आला होता, नोना.
त्याने जाळलं, पण मागे धड दगड तरी ठेवला.
मला तर रागसुद्धा आला नव्हता.

म्हणून शुक्रवारी, नमाज झाली की
लाव्हाचे दगड होडीत भरतो,
माझ्याच बागेवरचे, कुदळीने सुटतील तेवढे,
आणि त्या उतारावर नेऊन रचतो. मोठा खाली, लहान वर.
वा इमा हसते.
डोंगराने दारात आणून टाकलं
ते म्हातारा समुद्रात नेऊन टाकतो.
चारशेनंतर मी मोजायचं सोडलं.
मोजणं तुझं काम.

परवा खाली गेलो होतो. माझा चष्मा गळतो,
मीठ डोळ्यात जातं, नीट दिसत नाही.
तिसऱ्या ढिगाऱ्यात, एका दगडाच्या आतल्या अंगाला
नखाएवढं काहीतरी. फिकट. मधे खाच.
पोवळं असेल. शिंपलंही असेल.
बोट लावलं नाही.

उद्या चल. तूच बघ.
नसलं काही, तर लगेच पाटीवर लिहू नकोस.
घे, भात घे अजून. खरवड आहे, करपलेली नाही.