न उच्चारलेला एस

सॅं-नाझेर. मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.
खाली लाँड्रीची यंत्रं घुमतायत,
वर आम्ही ‘येणे’ चालवतोय :
झ व्यँद्रे, त्यू व्यँद्रे, इल व्यँद्रे…
मी, तू, तो, कानाला सगळे एकच.
फरक वहीत.

नुगझार गोदीत जहाजं जोडतो.
त्याच्या बोटांत पेन्सिल म्हणजे काडी.
त्यानं लिहिलं : मी येईन.
म्हटलं, शेवटी एक एस राहिला.
तो लावलास की होतं :
जमतं तर आलो असतो.
म्हणायचा नाही, नुसता लिहायचा.

डोळे बारीक करून
तो त्या अक्षराकडे बघत राहिला,
वेल्डिंगची ठिणगी बघावी तसा.
मग म्हणाला,
मुलगी आँजेला असते, आईकडे.
माझी भाषा तिला आता येत नाही.
परवा फोनवर मी म्हणालो, झ व्यँद्रे.
तिनं कुठलं ऐकलं असेल?

संदर्भावरून कळतं, मी म्हणाले.
तीस वर्षं मी हेच म्हणत आलेय.
‘संदर्भ’ हा शब्द त्यानं उतरवून घेतला,
चुकीचा.

मग ‘आपण’ आलं : नू व्यँद्रियों.
इथे मात्र अट ऐकू येते, तोंड वाकडं करावं लागतं.
तो ते दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा नाही.

रात्री वह्या तपासताना
त्याच्या समासात गाडीची वेळ :
शनिवार, ७.४२, आँजे.
खाली ‘मी येईन’. अजून एसशिवायच.

लाल पेनाचं टोपण
मी काढलं नाही.