पन्नास ग्रॅम

सतरा वर्षं सियागंजात मी पावत्या फाडतो.
हिंग, सुपारी, बडीशेप, पोत्यातली चहाभुकटी;
गिऱ्हाईक भाव विचारून पुढच्या दुकानी जातं
आणि परत येतं.

या डब्याला मात्र कुणी हात लावत नाही.
पन्नास ग्रॅम, अकरा हजार.
आत नुसत्या कळ्या, रुपेरी लव असलेल्या,
मांजरीच्या पिल्लाच्या कानासारख्या.

एवढे कशाचे, कुतुबभाई?
वर्षातले नऊ दिवस, ते म्हणतात.
पाऊस झाला तर तेही नाहीत.
ऊन चढायच्या आत खुडायचं,
पान उलगडलं की खेळ खलास.
पन्नास ग्रॅमला हजार कळ्या.

माझा भागाकार झालेला असतो: कळीला अकरा रुपये.
भाडं, लिलाव, डब्यावरची नक्षी, जीएसटी,
सगळ्याला रकाना आहे.
खुडणारीचा मी शोधला. नाही.

परवा तळाला उरलेल्या वीसेक कळ्या
त्यांनी काचेच्या ग्लासात सोडल्या.
पाण्यात त्या एकेक करून उभ्या राहिल्या.
दूध नाही, साखर नाही.
दोनशे वीस रुपये मी घोट घोट प्यालो.
कोमट पाणी.
"वा," म्हणालो. नोकरी आहे शेवटी.

संध्याकाळी रामबागेच्या वळणावर,
पोह्यांच्या झाकलेल्या गाडीपाशी,
घशाशी काहीतरी गोड आलं.
इतक्या उशिरा.
कुणीतरी पहाटे, गार बोटांच्या चिमटीत धरलेलं.

घरी शरयूनं आलं ठेचून कप पुढे केला.
"जरा थांबून घेतो."
"गार होईल," ती म्हणाली.