झडती

वडील प्रेसमध्ये होते.
नाशिकरोडला एवढं सांगितलं की पुरतं,
कुठली प्रेस ते कुणी विचारत नाही.

सकाळचा भोंगा, जेवणाचा, सुटायचा.
सुटताना गेटवर डबा उघडून दाखवायचा,
चपला झटकायच्या, हात वर.
दिवसभर ज्या कागदावर भिंग धरून बसत
त्याचा कपटासुद्धा कधी घरी आला नाही.
आला तो शाईचा वास,
आणि बिटको चौकात भाजीचे पैसे देताना
नोटेवरून जरा सावकाश फिरणारा त्यांचा अंगठा.

मी चित्रं काढते. म्हणजे
निफाडच्या द्राक्षपेट्यांवरची लेबलं,
पिंपळगावच्या मसालेवाल्यासाठी तीन मिरच्या,
आणि वेळ उरलाच तर माझं काही.
जेल रोडच्या फ्लॅटमध्ये, जेवायच्या टेबलावर.
एका टोकाला ओजसची गणितं,
मधे निवडलेल्या कोथिंबिरीचे देठ.
गायखे शेठचा फोन येतो: मॅडम, मणी जरा हिरवे करा.
आमटीला फोडणी देता देता मी मणी हिरवे करते.
रात्री साडेअकराला पुन्हा फोन:
जास्तच हिरवे झाले.

वडील रिटायर होऊन चौदा वर्षं झाली.
एका संध्याकाळी साडेपाचला
खिडकीतल्या खुर्चीतून अचानक
"भूंऽऽऽऽ"
ओजसची पेन्सिल पडली.
ते उठून माझ्यासमोर उभे. "चला, हात वर."
कानामागचा ब्रश काढून घेतला.
नखातला हिरवा बघितला, म्हणाले, घासून या.
फोन पालथा घालून फ्रिजवर ठेवला.
"सुटलीस. जा आता."
मी तीन पावलं चालले
आणि घरी आले.

पहिले आठ दिवस हसले.
नवव्या दिवशी पाच वाजल्यापासून
माझे कान त्यांच्या खुर्चीकडे.

आई आतल्या खोलीत साडीला फॉल लावत होती.
चाळीस वर्षं लावते आहे.
माझी कॉलेजची फी त्यातली, टीव्हीचे हप्ते त्यातले,
आणि कुणी विचारलं तर,
"मी काही करत नाही, घरीच असते."
दातानं दोरा तोडत म्हणाली,
"माझी झडती कोण घेणार?
मला कधी कुणी सोडलंच नाही."

वडील बराच वेळ गॅलरीत उभे राहिले.
खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

मग मी ते काढायला घेतलं.
टेबलभर लांब कागद,
त्यावर आईच्या फॉलची उलटी बाजू, मोठी करून,
टाका न् टाका.
सुलट बाजूला जो नुसता ठिपका दिसतो
त्याच्यामागे सुई किती चालून आलेली असते.
चारशे बारानंतर मोजणं सोडलं.
कुणी मागितलं नव्हतं,
त्यामुळे हिरवं करायचा प्रश्न नव्हता.
ओजस गणितं घेऊन फरशीवर गेला.
आम्ही चार दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

वडिलांनी भिंग आणलं.
या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून गेले,
एक कोपरा उजेडाला धरला,
अंगठा सावकाश फिरवला.
म्हणाले, "खरी आहे."
चित्राला नव्हे, नोटेला म्हणतात तसं.

आईनं चष्मा वर केला.
"उलटीच बाजू कशाला काढलीस?"
जरा थांबून,
"फॉलचे साठ होतात. याचे किती घेणार?"
मला सांगता आलं नाही.

काल साडेपाचला भोंगा झाला
तो आतल्या खोलीच्या दारात.
आई मान वर न करता म्हणाली,
"थांबा, एवढा काठ होऊ दे."

वडील थांबले,
सुई घ्यायला हात पुढे करून.