फक्त

रामबागेतल्या पतपेढीसाठी फॉर्म केला,
त्यात एकच खिडकी अवघड होती: रक्कम.

नाव काहीही असू शकतं, पत्ता तर असतोच काहीही,
'मारुतीच्या मागे, गिरणीच्या वर',
पण रकमेला शिस्त हवी.
म्हणून मी एक ओळ लिहिली, पंचवीस-तीस चिन्हांची,
कंस, चौकटी, उलटे दांडे,
दुरून पाहिली तर स्क्रीनवर मुंग्या चढल्यासारखी.
तिचं म्हणणं साधं: आधी आकडे, हवं तर टिंब,
टिंबापुढे दोनच घरं.
पैशाला तिसरं घर नसतं.

पहिली तक्रार स्वल्पविरामाची.
ओळ मी आयती आणलेली, दर तीन आकड्यांवर दम खाणारी,
आणि मालवा मिलजवळचे बापूराव रिसबूड
1,25,000 लिहून बसलेले. खिडकी लाल.
त्यांचे सव्वा लाख खरे, मुदत संपलेले, पावतीसकट,
आणि माझी ओळ म्हणते, असा आकडाच नसतो.
मग शेवटी तीनचं घर ठेवलं, अलीकडे दोन-दोनची.
लाख आत आला.

मग कुणीतरी 'दीड हजार' लिहिलं.
दीड कुठल्या चौकटीत बसवू?
सव्वा, पावणेदोन, अडीच,
बोलताना किती सहज तोंडात बसतात.
शेजारच्या टेबलावरून शाहिद म्हणाला,
"भिया, मना कर दो."
मी मना केलं. खिडकीखाली तांबडी अक्षरं:
कृपया अंकात लिहा.

चूक निघाली ती भलतीच.
सोमवारी पेढीचे कॅशियर टोणपे आले,
छापील यादी घेऊन, बोट एका ओळीवर.
सभासद ४१२, कुंदा भागडीकर, मासिक हप्ता:
'500 किंवा जमेल तेवढे'.
"हे आत आलं कसं?"

आलं, कारण मी टोकं बांधली नव्हती.
ओळीला कुठेतरी पाचशे दिसले, ती खूश झाली,
पुढचं तिनं वाचलंच नाही.
सुरुवातीला टोपीची खूण लागते, शेवटी डॉलरची,
म्हणजे इथून इथपर्यंत, आणि दुसरं काही नको.
"रुपयांच्या पेटीला कुलूप डॉलरचं," मी हसत सांगितलं.

टोणपे हसले नाहीत. खिशातलं पेन काढून
यादीच्या पाठीवर लिहिलं

रु.५००/-

टिंबाला चिकटून पाच, शून्याला चिकटून तिरपी रेघ,
केस जाईल एवढी फट नाही.
खाली: अक्षरी रुपये पाचशे फक्त.
"शेवटी शून्य घुसू नये म्हणून ही रेघ.
आधी एक घुसू नये म्हणून हे चिकटवणं.
एकोणचाळीस वर्षं लिहितोय.
तुमची टोपी म्हणजे हेच ना?"

हेच.
त्यांच्यादेखत ओळ दुरुस्त केली,
'जमेल तेवढे' टाकून पाहिलं. खिडकी लाल.
"बरोबर," म्हणाले, आणि उठले नाहीत.

"आता ही बाई काय करेल?"
"नुसते पाचशे लिहील."
"लिहील. आणि भादव्यात भरणार नाही.
पितृपक्षात ब्लाउज कोण शिवून घेतं?
मग तुमचं यंत्र दंड लावेल.
दंडाची ओळ कुणी लिहिली?"
मीच लिहिली होती. ती एका झटक्यात जमली होती,
तिला कंससुद्धा लागले नव्हते.

यूपीएस मधेच टूं करून गप्प झाला.
टोणप्यांनी पेनाचं टोपण लावलं,
काढलं, पुन्हा लावलं.

संध्याकाळी रकमेच्या खाली आणखी एक खिडकी काढली.
नाव दिलं शेरा.
तिला टोपी नाही, डॉलर नाही, घरं नाहीत,
आणि दंड लागण्याआधी ती टोणप्यांच्या टेबलावर जाते.

पुढच्या यादीत ४१२ समोर
रक्कम: 500. स्वच्छ, दोन्ही टोकं बांधलेली.
शेरा: या महिन्यात दोनशे धरा,
मशीनचा पट्टा तुटलाय,
सियागंजात मिळाला तर पुढल्या आठवड्यात येते.