मल्लेशममामांचे हात

मे महिन्यात सोलापूरला अ‍ॅपर्चर शिकवावं लागत नाही.
भर दुपारी अशोक चौकात उभं राहा,
डोळे आपोआप बारीक होतात.
बिलगुंडी सर एवढंच म्हणाले,
आणि म्हणाले, आता आत जा.

आत म्हणजे साखर पेठेतला कारखाना.
सहा माग, दोन ट्यूब, त्यातली एक फडफडती.
उन्हातून आलेल्या मला काहीच दिसेना.
कॅमेऱ्यालाही.

मामा खडखडाटातून ओरडले, काय फिरवतोयस?
मी आकडे सांगितले, अकरा, आठ, साडेपाच, चार.
आकडा उतरतो तसं भोक मोठं होतं,
हे पाठ करायला मला महिना लागला होता.
त्यात काय, मामा म्हणाले,
सुताचंही तसंच. काऊंट वाढला की धागा बारीक.
आणि तुटलेला ताणा जोडायला वाकले.

सेकंदाचा हजारावा भाग लावला.
धोटा अधांतरी थांबला,
त्याच्या टोकावरचा टवकासुद्धा दिसला,
पण मामा नव्हतेच, नुसता काळोख.
आयएसओ चढवला, बत्तीसशे, चौसष्टशे.
चेहरा उजळला, आणि सोबत दाणे,
फोटोभर राखाडी दाणे.
पुसणार होतो.
मग पाहिलं, हवेत तेच उडतंय,
मामांच्या भुवयांवर, कानांत, चहाच्या बशीत,
छत्तीस वर्षांचा कापूस.
कॅमेऱ्याचा कुठला, मागाचा कुठला,
निवडता येईना.

शेवटी आठशेवर आलो.
कॅमेरा कांड्यांच्या पेटीवर टेकवला,
श्वास धरला,
सेकंदाचा चौथा भाग.
तेवढ्यात धोटा एकदा पन्हा ओलांडतो.

आठवड्याने प्रिंट घेऊन गेलो.
चादरीवरचा अर्धा विणलेला मोर स्पष्ट,
चष्म्याची दोरी स्पष्ट, कपाळावरची आठी स्पष्ट.
मनगटांपुढे धूर.
मामांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.
हात कुठं गेले रे?
हलत होते, म्हटलं.
हलणारच की, ते म्हणाले,
पगार त्याचाच मिळतो.

मग उठून त्यांनी माग बंद केला.
छत्तीस वर्षांत दिवसाउजेडी
बिघाडाशिवाय बहुतेक पहिल्यांदाच.
मोरावर दोन्ही पंजे उताणे ठेवले.
घे.

तोच उजेड, तेच आकडे, तोच चौथा भाग.
स्क्रीनवर मोर आला, दोरी आली,
आणि मनगटांपुढे
पुन्हा धूर, थोडा कमी.

चांगला आलाय, मी म्हटलं.
मामांनी खटका ओढला.