आसरा

शेफिल्डच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
बेथन नावाची बाई कागद आडवा धरते
आणि माझं माहेर काढू लागते.
पुरुष म्हणजे चौकोन. बाई म्हणजे वर्तुळ.
माझ्या लग्नाची आडवी रेघ,
तिला लोंबता एक चौकोन.
तो ती शाईनं भरते, कोपरे न सोडता.
तो रेवंत. दहा वर्षांचा.
बाहेर बसलाय, टाकीतले मासे मोजत.

शाळेच्या तलावात तिसऱ्या फेरीला
तो थांबला.
धडपडला नाही, ओरडला नाही,
कुणी मागून हाक मारल्यासारखा थांबला
आणि खाली गेला.
हॅलम सरांनी बुटांसकट उडी टाकली.
ते बूट अजून कुठेतरी वाळत असतील
असं मला उगाच वाटत राहतं.

पट्टीवर त्याच्या हृदयाचे डोंगर.
प्रत्येक सुळक्यामागे एक बुटकी टेकडी,
ती जरा उशिरा उतरते.
किती उशिरा?
पाच शतांश सेकंद.
आमच्यात याला उशीर म्हणत नाहीत.

"आईच्या बाजूला कुणी अचानक गेलं होतं?
पोहताना, पळताना, दचकून?"
बेथन विचारते, वेल्श हेल काढत,
भाजीत मीठ पडलंय का विचारावं तशी.

दिगूमामा.
एकोणीस वर्षांचा, पट्टीचा पोहणारा,
कृष्णेच्या डोहात, उन्हाळ्याच्या निवांत पाण्यात.
आसरांनी ओढला, म्हणाले सगळे.
आजी दर वैशाखात डोहाला ओटी सोडायची,
सात बहिणींना सात खण, हिरव्या बांगड्या,
वर हळदीकुंकवाची पुडी, भिजू नये म्हणून
केळीच्या पानात.
यातलं काय सांगू हिला, कोणत्या इंग्रजीत?
"बुडाला," म्हटलं.
तिनं चौकोनावर तिरकी रेघ ओढली.

रात्री साडेअकराला सांगलीला फोन लावला.
तिकडे पहाटेचे पाच, आईच्या चहाची वेळ.
मी सांगत गेले: जनुक, एक चुकलेलं अक्षर,
सकाळ-संध्याकाळ गोळी, पोहणं बंद,
शाळेच्या भिंतीवर धक्का देणारं यंत्र,
आणि तुझाही ईसीजी काढून घेऊ, आई,
कोपऱ्यावरच्या दवाखान्यात निघेल.
पलीकडे चहा उतू गेल्याचा चर्र आवाज.
गॅस बंद केल्याचा आवाज आला नाही.

"पैज मी लावली होती गं.
पलीकडचा काठ, एका दमात, जाऊन-येऊन.
चार आण्याची."

शेहेचाळीस वर्षं.
आजीच्या मागं ओटीचं ताट घेऊन हीच चालायची
आणि मी कॉलेजातून येऊन हिला भाबडी म्हणायचे.

"तुझी पैज नव्हे, आई. त्याचं हृदयच तसं होतं."
बराच वेळ काही नाही.
मग, अगदी बारीक:
"म्हणजे आता रेवंतला ते माझ्याकडनं आलं?"

बेथननं दिलेलं पत्रक मी दोनदा उलटून पाहिलं.
आहारावर पान होतं, विम्यावर होतं,
टाळायच्या औषधांची यादी होती.

रेवंतनं तो कागद मागून घेतला.
मामाच्या चौकोनाला हातपाय काढले,
पोहतानाचे.
"आसरा म्हणजे काय?
शनिवारच्या मराठी वर्गात तर
निवारा शिकवलंय."
"तेही," म्हटलं मी.

रविवारी रिव्हलिनच्या ओढ्यावर गेलो.
गोळी घेतली होती, दोनदा विचारून झालं होतं.
"गुडघ्यापर्यंत?"
"घोट्यापर्यंत."
"गुडघ्यापर्यंत."
शेवटी पोटऱ्यांवर तडजोड झाली.
तो दगडावरून दगडावर, पँट वर दुमडून,
पाण्याला काही ठाऊक नसल्यासारखा.
मी काठावर बसले,
बुटांच्या नाड्या घट्ट बांधून.