वरच्या पट्टीत ‘ई’ चालत नाही

मी रंगमंचाखालच्या खोक्यात बसायचो,
छातीपर्यंत जमिनीत, डोकं तेवढं वर,
गाणाऱ्यांच्या ओळी त्यांच्याआधी अर्धा श्वास पुटपुटत.
चोवीस वर्षं. पगार बेताचा.
त्रिएस्तेचा बोरा वारा फटीतून खोक्यातही यायचा,
कागदांवर मी किल्ल्यांचा जुडगा ठेवी.

मिलोयका श्काबारच्या संहिता उडत नसत.
जाड कागद, आणि पाठीमागे तिच्याच कादंबरीची पानं.
खपली नाही, तेव्हा प्रकाशकाने गठ्ठे परत धाडले;
कोऱ्या बाजूला तिने ऑपेरे लिहिले.
कविता मात्र मासळीबाजाराच्या पावत्यांवर,
आणि त्या कुणाला दाखवायची नाही.
एक मी चोरून पाहिली:
चार ओळी, खाली सार्डिनचा भाव.

तिसऱ्या अंकात आई दगडखाणीच्या काठाशी येते
आणि हाक मारते: सिन.
त्यांच्या भाषेत मुलगा.
फुर्लान संगीतकार, भला माणूस, तालमीत हट्टी.
म्हणाला, बाई, एवढ्या वर ‘ई’ धरवत नाही,
गळा आवळल्यासारखा होतो. मला ‘आ’ द्या.

ती खिडकीशी गेली.
बराच वेळ हातमोजे घालत राहिली, काढत राहिली.
मग माझी पेन्सिल मागितली,
शाईतलं सिन खोडलं, वर लिहिलं ब्रात.
भाऊ.
आईची बहीण करायला आणखी दोनच ओळी बदलाव्या लागल्या.

पहिल्या प्रयोगानंतर लोक तिच्याभोवती जमले,
भावासाठी हळहळले.
तिला भाऊ नव्हताच.
ती म्हणाली, आभारी आहे.

अकराव्या प्रयोगाला, का कोण जाणे,
माझ्या तोंडून खोडलेला शब्द गेला.
रोझांदाने खाली पाहिलं.
तोंड उघडलेलं, व्यंजन सापडेना.
मग नुसता आ.
ना पुढे काही, ना मागे,
फुर्लानची छडी हवेत,
बासरीवाला पान उलटायचं विसरला,
आ, श्वास संपेपर्यंत, आणि संपल्यावरही थोडा.

म्हटलं, गेली नोकरी.

मागच्या दाराशी ती उभी होती, डोक्याला रुमाल घट्ट,
वाऱ्यासाठी कोपऱ्यावर बांधलेला दोर हातात.
म्हणाली, उद्या त्या जागी
तिला काहीच सांगू नकोस.
मग तो दोर सोडून पुढचा धरला,
मग त्याच्या पुढचा.